थेसिस, कापगते सर आणि कॅपिटल अक्षरं

८ मे

थेसिस परत! चौथ्यांदा. माझे गाइड केवळराम कापगते सर. अख्ख्या तिसऱ्या प्रकरणावर त्यांचा एकच शेरा — 'कॅपिटल बघा.' जिल्ह्यातल्या जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्याचा अभ्यास करत चार वर्षं उन्हातान्हात फिरले, चोरखमारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चक्कर येऊन पडले. त्यावर सरांचं म्हणणं काय? तर तलावाच्या नावाला चिकटून आला तर 'टँक'चा टी मोठा, एकटा आला तर लहान. ठीक आहे. पाठीशी नाव असलं की मान, हे इंग्रजीतही आहे म्हणायचं.

११ मे

बाबांना सांगितलं. "पुन्हा? लहान-मोठ्या अक्षरासाठी? दवनीवाड्यावाल्याईले मी काय सांगू आता?"

दवनीवाड्याचं स्थळ म्हणजे भुपेंद्र. धानाची शेती, राइस मिल, दारात गाडी. मी पीएचडीला बसले तेव्हा बाबांनी चारचौघांत शब्द दिला होता — दुर्गेश्वरीचा थेसिस जमा झाल्याशिवाय साक्षगंध नाही! तोच शब्द आता त्यांच्या गळ्यात अडकलाय. मोडतील तर ते बाबा कसले.

आई तांदूळ निवडत बसली.

१६ मे

भुपेंद्र आले होते. "डॉक्टर सून आणून रायलो म्हणून माय गावभर सांगून रायली," म्हणाले. मी विचारलं, नोकरीचं? ते हसले. "काऊन? काही गरज नाही न! मिलचा हिसाब पाहा घरीच." आई त्यांना आग्रह करकरून वाढत होती. घ्या न, घ्या न! जणू जावई झालेच.

माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. नाही म्हणायला कारण नाही आणि हो तोंडातून निघत नाही. मला भीती वाटते. इथेच लिहिते, दुसऱ्या कोणाला सांगणार?

२३ मे

शीर्षकांतला प्रत्येक शब्द कॅपिटल करून नेला. सर म्हणाले, "आता फक्त पहिला शब्द." मागच्या खेपेला प्रत्येक शब्द यांनीच करायला लावला होता!

"नियम बदलला का सर?"

"नियम दोन्ही बरोबर आहेत. सुसंगती हवी."

सुसंगती! कोण बोलतंय! चेतनाला सांगितलं — माझ्याबरोबरच रिसर्च करते — तर म्हणाली, "रिटायर होऊन रायले न ते. टाइमपास लागते."

३ जून

दिशा लहान, प्रदेश मोठा. ऋतू लहान. पिकं लहान. पद नावाच्या आधी आलं तर मोठं, एरवी लहान. हा शेवटचा नियम सरांना मनापासून पटलेला दिसत नाही. स्वतःचं विभागप्रमुखपद त्यांनी सगळीकडे मोठंच करायला लावलं.

घरी येऊन आईवर ओरडले. माझं सगळं आयुष्य टांगलंय, तुला काही वाटतं का ग? तर म्हणे, "मले कुठं तुयं इंग्रजी समजते? सर म्हणतात तर करून दे न बाई." आणि गेली म्हशीला पाणी दाखवायला. बोलायचंच नाही हिच्याशी.

१२ जून

संदर्भसूची परत. कॅपिटल!!

१९ जून

दवनीवाड्याहून फोन आला. त्यांना धानाच्या रोपांची रोवणी सुरू व्हायच्या आत सून हवी. मजुरांचा स्वयंपाक कोण करणार, शेतातल्या बांधीत शिदोरी कोण नेणार? एकदा रोवणी लागली की कोणाला सवड नाही, मग थेट तुळशीच्या लग्नानंतर. तेवढं थांबणं जमत नाही म्हणाले. जवळच्याच गोरेगावची मुलगी ठरवली. म्हणजे डॉक्टर सून हवी होती ती शिदोरी पोचवायला!

बाबा ओसरीवर बसून सरांना शिव्या देत होते. मीही दिल्या, बाबांना सोबत म्हणून. मग आत जाऊन दार लावलं आणि हसत सुटले. मग रडले. किती हलकं वाटतंय! कापगते सरांच्या चक्रमपणाचे उपकार मानायची वेळ यावी, हे मात्र अति झालं.

२४ जून

थेसिस जमा! सरांनी एकही पान न उलटता सही केली. मी म्हटलं, "सर, कॅपिटल?"

"ते एप्रिलपासूनच बरोबर आहेत."

सर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "सुशिलाबाई एसटीनं आल्या होत्या, एकट्याच. तुमच्या आई. म्हणाल्या, 'पोट्टी तोंडानं नाही म्हणत नाही, तिचा बाप शब्द मोडत नाही. तुम्हीच काहीतरी खोट काढून ठेवा, रोवणी लागतपर्यंत.' मी खूप शोधली हो. तुमच्या थेसिसात दुसरी खोट सापडेना."