नीलाच्या त्रासावर माझा इलाज

४ नोव्हेंबर, सकाळी
नीला दिवाळीपासून मागच्या खोलीत झोपते. कारण दिलं, माझं घोरणं. मी घोरत नाही.
आज दाराआडून कानावर आलं. बहिणीशी फोनवर होती. "वं जया, पाळी गेल्यावर तिथं पार कोरडं पडते. आग होते. नवरा जवळ आला की भीतीच वाटते. अन् छातीची गाठ काढल्यापासून हार्मोन मले चालत नाही."
इतकं बरं वाटलं! म्हणजे खोट माझ्यात नाही. पुढचं ऐकायला थांबलो नाही. लकडगंजच्या लाकूडबाजारात तीस वर्षं नुसत्या ठोक्यावरून सागवान ओळखतो, हे तर घरातलं. आठ दिवसांत निकाल.

५ नोव्हेंबर
सुमंतच्या मेडिकलमध्ये 'मित्रासाठी' विचारलं. तो म्हणाला, "मित्राले सांगा भाऊ, बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर, आठवड्यातून दोन-तीनदा, नेमानं. जवळ येताना पाण्याचं ल्युब्रिकंट, बिनवासाचं. तिथं साबण नको. अन् आधी वहिनीले विचारा म्हणा."
शेवटचं सोडून सगळं लिहून घेतलं. दोन्हीच्या डझन-डझन ट्यूब आणल्या. एकेक घेणं आपल्याला जमत नाही.

६ नोव्हेंबर
तिच्या कपाटात रचून ठेवल्या. तिने पाहिलं आणि कपाट लावून घेतलं. लाजली असेल. लक्षण चांगलं.

९ नोव्हेंबर
एकाही ट्यूबचं सील तुटलेलं नाही. नेम हवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बुधवार-रविवार 'म' लिहिलं. कोणाला कळणार?

१२ नोव्हेंबर, बुधवार
स्वयंपाकाच्या पंचफुलाबाईंनी मटण शिजवलं. कॅलेंडरवर साहेबांनीच लिहून ठेवलं म्हणे. नीलाने कॅलेंडर उतरवलं. जेवताना मात्र हसली. प्रगती आहे. पलंगावर नवी चादर घालून घेतली.

१५ नोव्हेंबर
चहाच्या वेळी नीला शांतपणे बोलली. "ऐकायचंच होतं तं पुरतं ऐकायचं ना. जयाले त्रास सुरू झाला, म्हणून माझं जुनं सांगून राहिली होती. मले डॉक्टरीणबाईनं जूनमध्येच औषध दिलं. गणपतीपासून आराम आहे."
मग मागची खोली काहून, विचारलं.
"जूनमध्ये म्हटलं होतं, दवाखान्यात सोबत चला. तुम्ही म्हणाले, बल्लारशाहचा सागवानाचा ट्रक येऊन राहिला. एकटी गेली. नंतर काय झालं, तेही विचारलं नाही. आता तिकडं चांगली झोप लागते."
ट्रक खरंच आला होता.

१६ नोव्हेंबर
तिची पुढची तपासणी गुरुवारी. मी येतो म्हटलं.
म्हणाली, "राहू द्या, जया येऊन राहिली."
गुरुवारी मी दिवसभर मोकळा आहे.