मागे वळून बघणारा कप्तान

४ मार्च

कप्तान पुन्हा चुकला! सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून निघाला, दिवसभर नाकासमोर चालला, आणि संध्याकाळी मावळता सूर्य बरोब्बर त्याच्या डोळ्यांत. संपादकबाईंचा फोन — "हा माणूस उलटा चालतोय की पृथ्वी?" मी म्हटलं, सूर्य थकला असेल. त्या हसल्या नाहीत. हसण्याचा पगार त्यांना मिळत नाही.

"वाचणारी पोरं नकाशे काढायला बसतात हो. तुमची नदी डोंगर चढते. या पुस्तकात कप्तानाला दिशेची जाण द्या. कशीही द्या, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच ठेवा."

उभ्या जन्मात मला स्वतःला ती मिळाली नाही. दवाखान्यातून बाहेर पडलो की मी हटकून चुकीच्या बाजूला वळतो. वर्तमानपत्रात लोकांची टर उडवणारं सदर लिहायचो तेव्हा कुणी विचारलं नाही, तुम्ही स्वतः कुठे चालला आहात? सदर बंद पडलं. आता पोटासाठी जंगलं, गुहा, खजिने. पन्नाशी उलटल्यावर झाडावर चढायचं, तेही कागदावर. तरी दम लागतो.

५ मार्च

आजवर कप्तान घरी पोचला तो अक्कामुळे. अक्का माझी थोरली बहीण. हयात सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेली. बायको मला सोडून गेली तेव्हा अक्का "चार दिवस" म्हणून आली. त्या चार दिवसांना आता अकरा वर्षं झाली.

आमची पद्धत अशी — घर म्हणजे जंगल. अक्काचं लाकडी कपाट म्हणजे डोंगर. न्हाणीघर ही दरी, फ्रीज ही शत्रूची छावणी. मी खुर्चीत बसून वाचतो, अक्का हातात झाडू घेऊन कप्तान होते आणि चालते. झाडता झाडता. "थांब, तुझा कप्तान आत्ता फ्रीजमधून आरपार गेला!" "मग दरीतून ने." "दरीत तुझा टॉवेल पडलाय ओला. उचल आधी."

लोकांना वाटतं साहसकथा कल्पनेच्या भरारीतून येतात. आमच्या इथे त्या केराबरोबर निघतात.

७ मार्च

अक्काला विचारलं, तू कधीच कशी हरवत नाहीस?

"मागे बघते."

"म्हणजे?"

"कुठूनही निघालं, वळलं, की एकदा थांबून मागे बघायचं. जातानाचा रस्ता वेगळा दिसतो, येतानाचा वेगळा. येताना जो दिसणार, तो जातानाच बघून ठेवायचा. एवढंच. तू बघतोस का कधी?"

"मी विचारात असतो."

"हो ना. आणि विचारांना घरी कोण आणतं? मी!"

झालं. सापडलं. कप्तानाला हेच द्यायचं. होकायंत्र नको, तारे नकोत. इतकी साधी गोष्ट, आणि मी पाच पुस्तकं त्या बिचाऱ्याला वणवण फिरवलं.

८ मार्च

स्वतः करून पाहिलं. मागे बघता बघता दिव्याच्या खांबाला धडकलो. कपाळावर टेंगूळ. अक्का बर्फ लावताना म्हणाली, "चालता चालता नाही रे, थांबून!"

११ मार्च

अक्का निघाली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने डोंगराकडच्या गावात रोपवाटिका काढलीय. जागेची आखणी करायला कुणीतरी हवंय. "दोन महिने जाते." भाजी आणायला जाते म्हणावं, त्या सुरात.

मी म्हटलं, पुस्तक पंधरवड्यात द्यायचंय. "देशील की." जेवायचं काय? "जेवशील की." तिला काही सांगायला जावं तर प्रत्येक वाक्याला "की" जोडून परत देते. रुसलो. या वयात रुसणं शोभत नाही आणि कुणाला कळतही नाही. रात्रीचा भात दोनदा घेतला.

१३ मार्च

डोंगर गेला! बाहेरून आलो तर अक्काचं कपाट जागेवर नाही. शेजारच्या वहिनींना देऊन टाकलं. "जुनं झालं होतं. तुला जागा मोकळी."

मला मोकळी जागा नकोय, मला डोंगर हवाय! सातवं प्रकरण सगळं त्या कपाटावर उभं आहे. शेवटी स्टूल ठेवलं. कप्तान एका ढांगेत शिखरावर. वाचणारी पोरं आता मला सोडत नाहीत.

भिंतीवर कपाटाच्या आकाराचा रंग तेवढा स्वच्छ राहिलाय. लिहिताना नजर तिकडेच जाते. फार थकवा आलाय, कशाचा ते कळत नाही.

१५ मार्च

नवी प्रकरणं अक्काने वाचली. कप्तान आता पाच पावलं टाकतो आणि मागे बघतो. गुहेतून निघाला, बघतो. होडीतून उतरला, बघतो.

अक्का हसत सुटली. "अरे, मान लचकेल त्याची! माणसाला सगळीकडून परतच यायचं असतं का?"

बरोबर होतं. चार ठिकाणी काट मारली. संपादकबाई खूश — "आता कसा शहाण्यासारखा चालतोय!" अक्काला सांगितलं. म्हणाली, "बघ, शिकतात माणसं. उशिरा का होईना."

१७ मार्च

आज दिवसभर माझी शिकवणी. गॅस कुठे बंद करायचा, नळाची मुख्य चावी कुठे, दुधाला कितीदा उकळी. दोनदा मला कुकर लावायला लावला. पहिल्यांदा पाणी घालायला विसरलो.

"दोन महिन्यांसाठी एवढं?" मी वैतागलो.

"दोन महिन्यांत उपाशी माणूस मरतो रे."

मग माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत बसली. संपल्यावर सुई माझ्या हातात दिली. "पुढचं तू लाव."

संपादकबाईंना शेवट हवाय. कप्तान घरी पोचतो, दार उघडतं, वगैरे. दार कोण उघडतं ते काही सुचत नाही.

१९ मार्च

उद्या सकाळची बस. सामान बरंच आहे. हिवाळ्याचे स्वेटरसुद्धा घेतलेत. मी म्हटलं, ऐन उन्हाळ्यात? "डोंगरात गार असतं." असेल.

२० मार्च

स्टँडवर जाताना अक्का म्हणाली, "आज तू पुढे चाल." चाललो. प्रत्येक वळणावर थांबून मागे बघितलं — बंद पडलेला छापखाना, निळं फाटक, खांब (माझा). ती प्रत्येक वेळी माझ्यासाठी थांबली. तिने स्वतः कुठेच वळून बघितलं नाही. घराच्या दाराशीसुद्धा नाही. माझ्या लक्षात आलं ते ती बसमध्ये चढली तेव्हा. पायरी चढली, आत गेली, पलीकडच्या खिडकीशी बसली. समोर बघत.

मी हाक मारली नाही.

निळं फाटक, छापखाना. कुणाला न विचारता घरी आलो. कुलूप मीच उघडलं.