चंद्राआधीचा फोटो

सुरत
फेब्रुवारी

प्रिय रुचिका,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण फोनवर मी तुझ्याशी गोडगोड बोलते आणि ठेवल्यावर दिवसभर धुसफुसते, त्याचा मलाच आता कंटाळा आलाय. म्हणून लिहायला बसले. ललितला मात्र वाचायला देऊ नकोस. तो माझा धाकटा भाऊ खरा, पण आधी तुझा नवरा आहे. आपल्या दोघींच्या भांडणात त्याला ओढलं की तो जेवायचं सोडून देतो आणि मग आई मला रागावते.

परवा घरच्या ग्रुपवर चंद्राचा फोटो आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच फोन उचलला. काय फोटो होता गं. विवरांच्या कडा अशा स्वच्छ, की बोट लावलं तर टोचतील. खाली आप्पांनी लिहिलं होतं, ‘नंदुरबार, आपल्या पथारीवरून. साथीला रुचिका.’ मामांनी अंगठा पाठवला, काकूंनी फुलं पाठवली, माझ्या नवऱ्यानंही ऑफिसातून ‘वा’ म्हटलं. मी काहीच पाठवलं नाही. तव्यावरची भाकरी करपली. सासूबाईंनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं गॅस मोठा होता. खरं सांगू? मी जळत होते. ‘साथीला रुचिका’ हे दोन शब्द मी पिठाच्या बोटानं मोठे करून परत परत वाचले.

तुला वाटेल, एवढ्या मोठ्या बाईला चंद्राच्या फोटोवरून कसली असूया. पण तुला ठाऊक नाही, मिरच्या वाळवायच्या त्या पथारीवर तुझ्याआधी बापाशेजारी कोण उभं राहायचं. तेव्हा आप्पा बँकेत होते. दुर्बीण म्हणजे एक बारकी नळी, आणि कॅमेरा रिळाचा. संध्याकाळी व्यापाऱ्यांची माणसं वाळत घातलेल्या मिरच्या ओढून झाकून गेली की त्या मोकळ्या जमिनीवर आम्ही दोघं जायचो. माझं काम बॅटरी धरायचं. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात म्हणून बॅटरीच्या तोंडावर मी संक्रांतीच्या पतंगाचा लाल कागद रबरानं बांधायची. आप्पा बटण दाबताना म्हणायचे, “दामी, हात हालाडू नको.” मी श्वाससुद्धा रोखून धरायची. बॅटरी हलल्यानं फोटो कसा काय बिघडणार होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला ते वाक्य ऐकायचं असायचं.

पहिलं रीळ धुवायला दिलं ते सगळं फुकट गेलं होतं. स्टुडिओवाल्याला त्या काळ्या पट्टीवर एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळेना. त्यानं अंदाजानं कात्री चालवली ती बरोबर चंद्राच्या पोटातून. आप्पा दोन दिवस ते तुकडे उजेडात धरून बघत होते. मग त्यांनीच तोड काढली. रीळ घातलं की पहिला फोटो ऊन असतानाच काढायचा, म्हणजे तिथून मोजून पुढचे कापता येतील. आणि तो पहिला फोटो माझा असायचा. पथारीवर, पायाशी लाल मिरच्या, मिरचीच्या खाटानं नाकाला पाणी आलेलं, दोन वेण्या. आईच्या कपाटातल्या डब्यात ते अजून आहेत. तू पाहिले असशील आणि मनात म्हटलं असशील, ताईंचे एकाच जागी एवढे फोटो कशाला. प्रत्येक चंद्राच्या आधी मी आहे रुचिका. माझी वर्षं त्या घरात तशी मोजलेली आहेत.

मग माझं लग्न झालं, कॅमेरे बदलले आणि ती दुर्बीण माळ्यावर गेली. मला वाटलं, तो विषय आमच्या दोघांचा होता आणि आमच्याबरोबरच संपला. तर तू आलीस खापर गावाहून. नव्या सुनेनं माळा झाडायला घ्यावा आणि खाली येऊन सासऱ्यांना विचारावं, की आप्पा, ही चालते का. मला आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले होते. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे हळूहळू कळलं. आप्पांनी मोठी दुर्बीण मागवली. तू नेटवरून ते फोन अडकवायचं क्लॅम्प आणलंस, चंद्राचा फोटो न काढता व्हिडिओ काढायचा आणि त्यातली स्वच्छ चित्रं निवडून संगणकाकडून एकावर एक बसवायची, हे शिकलीस. आप्पांनाही शिकवलंस. माझ्या लाल कागदाच्या बॅटरीची जागा तुझ्या कपाळावरच्या लाल दिव्यानं घेतली. आणि मी फोन केला, की आप्पा आज गुरू कसा दिसतोय, की पलीकडून उत्तर यायचं, “रुचिकाले इचार.” वर कौतुकानं, “रुचिकाना हात भारी थीर शे.” माझा हात कधी थीर होता असं ते मला म्हणाले नाहीत. मला फक्त हलवू नको म्हणाले.

दिवाळीला मी आले ते मनाशी ठरवूनच, की यंदा पथारीवर मीही जाणार. आठवतं ना? आई म्हणाली होती, मिरच्या पडायला लागल्यात, ठसका लागेल. तरी आले. तुम्ही दोघं तुमच्या कामात, मी बाजूला खुर्चीवर, पाहुण्या बाईसारखी. आप्पांनी दुर्बिणीला डोळा लावला, फोकसचं चाक फिरवलं, कुरकुरले, की यंदा मिरचीची धूळ लई, हवा उकळी ऱ्हायनी. त्याच आठवड्यात त्यांनी दुर्बिणीचा आरसा काढून पुन्हा धुतला होता, हेही सांगितलं. मग फोकस जमल्यासारखं म्हणाले, “हां, बसना,” आणि फोन तुझ्याकडे देऊन पाणी प्यायला वळले. तू फोन अडकवलास. पडद्याकडे पाहिलंस. आणि त्यांची पाठ असताना, एक शब्द न बोलता, त्यांनी बसवलेलं चाक तू परत फिरवलंस.

ते मी पाहिलं. मला एवढा राग आला, की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. म्हटलं, ही कोण लागून गेली? आप्पांच्या डोळ्यानं बसवलेलं हिला पसंत नाही? आणि वर चोरून? त्या रात्री मी माझं ताट आत स्वयंपाकघरात नेलं, भाऊबीज झाल्या झाल्या निघाले. निघताना आई कानात म्हणाली, “आते या वयमा चंद्रासाठे रुसस का व?” मी म्हटलं, चंद्रासाठी नाही. आणि पिशवी उचलली. पुढे महिनाभर तुझा प्रत्येक फोटो मी मोठा करून करून पाहिला, कुठे काही खोट सापडते का म्हणून. एकही सापडली नाही. त्याचाही राग आला.

आता गेल्या महिन्यातलं सांगते, ते तुला कोणी सांगितलं नसेल. उत्तरायणाला आप्पा आमच्याकडे आले होते. संध्याकाळी पतंग उतरल्यावर आम्ही दोघं गच्चीवर बसलो होतो. खाली रस्त्यावर दिवे लागले. आप्पा बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, “अठे बी मिरच्या वाळाडतस का व?” मी विचारलं, का. तर म्हणाले, प्रत्येक दिव्याभोवती धुळीचं कडं दिसतंय, आपल्याकडे गुरूभोवती दिसतं तसंच. मी हसायला तोंड उघडलं आणि कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. सुरतेत कुठे मिरच्या, रुचिका. माझ्या सोसायटीच्या आसपास तर साड्यांची गोदामं आहेत. हवा स्वच्छ होती. मला ते दिवे नुसते दिवे दिसत होते.

ती धूळ मिरचीची नाही. ती त्यांच्या डोळ्यात आहे. सगळं वर्षभर ते आभाळाला आणि हवेला बोल लावत राहिले, आरसा धूत राहिले. आणि त्या क्षणी मला दिवाळीतलं तुझं ते चाक फिरवणं आठवलं. मग कळलं, तू त्यांच्या वरचढ व्हायला ते फिरवलं नव्हतंस. त्यांना दिसत नाही, हे तुला आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं होतं. पण सासऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं, की आप्पा, तुमचा फोकस चुकतोय? सुनेच्या तोंडी ते शोभत नाही, असंच आपल्या घरांमध्ये शिकवलेलं असतं. तू त्यांचं मन राखलंस, फोटो त्यांच्या नावानं जाऊ दिलास. माझ्या हातून हे झालं नसतं. मी पहिल्याच दिवशी ओरडले असते. आणि तुला सांगते, हे कळल्यावर माझी जळजळ कमी व्हायला हवी होती ना? ती वाढली. त्यांचे डोळे गेले तेव्हा त्यांच्याजवळ तू होतीस, मी नव्हते.

मी गच्चीवरच त्यांना म्हटलं, आप्पा, हा मोतीबिंदू दिसतोय, उद्याच दाखवू. लेक आहे मी, मला ते बोलायला चालतं. तर त्यांनी खिशातून फोन काढला. जवळचं त्यांना अजून नीट दिसतं. तुझा शनीचा फोटो, यंदा कडी सुईसारखी बारीक झालीय तो, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, “डोया खराब शेतस ते हाऊ फोटू कोनी काढा?” माझ्या ओठांवर तुझं नाव आलं होतं. आतून कोणीतरी सांगत होतं, बोल, आत्ताच बोल, एकदाचं तिचं कौतुक उतरव. मी गिळलं. ते माझ्याकडून कळलं असतं तर त्यांचा फोटोही गेला असता आणि सूनही. दुसऱ्या दिवशी ते गाडीनं नंदुरबारला परतले. आता रोज दिवेलागणीला तेच डोळे घेऊन मोटरसायकलवर पथारीला जातात, समोरून ट्रक दिवे टाकत येतात. ललित फिरतीवर असतो, त्याला काय ठाऊक.

म्हणून लिहितेय. होळीच्या पौर्णिमेला चंद्र ग्रहण घेऊनच उगवणार आहे, आप्पा आत्तापासून त्याच्या गप्पा मारतायत. त्या संध्याकाळी तू चाकाला हात लावू नकोस. त्यांनी बसवलं असेल तसंच राहू दे, फोटो भुरकट येऊ दे. ते फोन नाकाशी धरून बघतील आणि त्यांचं त्यांनाच कळेल. कोणी सांगितलेलं ते ऐकणार नाहीत, चंद्राचं ऐकतील. त्यांना वाईट वाटेल. तुलाही रडू येईल, पण पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला हो आणि फिरवू नकोस. तोवर मोटरसायकलची किल्ली आईला लपवून ठेवायला लाव, तिला मी सांगते. मी आदल्या दिवशी येते आणि धूलिवंदनाचा रंग उतरला की त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. तुला वाटेल, ताई जळून हे सुचवतायत, माझा फोटो बिघडवायला बघतायत. जळून तर लिहितेच आहे. तरी ऐक. ऑपरेशन होऊन पट्टी सुटली, की आपण तिघं ऊन असतानाच पथारीवर जाऊ आणि आप्पांना स्वतःच्या डोळ्यानं पहिला फोटो काढू देऊ. तो माझा असेल. तेवढं मी तुला देणार नाही. त्यानंतरचा चंद्र तू घे, आणि त्यापुढचे सगळे.

तुझीच,
दामिनीताई