तिसरी कमान उघडण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा गवंडीकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून देत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलीने तो दोनदा वाचून खात्री करून घेतली.

कलम १. राहते घर मुलाला द्यावे. तो कचेरीत कारकून आहे आणि थापी चमच्यासारखी धरतो, तेव्हा गळती लागली तर स्वतः छपरावर चढू नये. बहिणीला बोलवावे.

कलम २. थाप्या, ओळंबा, पाणसळ आणि दोन्ही शिड्या मुलीला. तिची भिंत माझ्या भिंतीपेक्षा सरळ येते. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, आता लेखी घ्यावे.

कलम ३. चर्चच्या गायकवृंदाचा म्होरक्या अठरा वर्षे माझ्याकडे बघून "मागच्या रांगेतले जरा हळू" म्हणत आला. त्याला मी माफ केले आहे. मात्र माझ्या अंत्यविधीला त्याने एकट्याने गाऊ नये.

कलम ४. हे कलम चर्चबद्दल आहे, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आमचे चर्च सात मठवासीयांनी बांधायला घेतले. त्यांनी वेदीपासून सुरुवात केली आणि पाचव्या कमानीला त्यांचा चुना संपला. तेव्हा जवळच्या खाणीतली माणसे बायकामुलांसकट मदतीला आली आणि उरलेल्या तीन कमानी व मोठे दार त्यांनी उभे केले. त्यात माझे पूर्वज होते. तेव्हापासून हे चर्च मठाचेही आहे आणि गावाचेही, आणि खरे कोणाचे यावर भांडणही तेव्हापासूनचे आहे. मठवासी कमानी वेदीकडून मोजतात. आम्ही गावकरी दाराकडून मोजतो.

माझा थोरला भाऊ बाविसाव्या वर्षी मठात गेला. पुढे मठाच्या दुरुस्तीचा कारभार त्याच्याकडे आला. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने मला चिठ्ठी दिली : "तिसरी कमान विटांनी बंद करावी." त्याच्या मनात वेदीकडची होती. तिथल्या जुन्या कोठाराच्या दारातून ओल येत असे. मी दाराकडून मोजली. त्या कमानीतून मठवासी प्रार्थनेला येत-जात.

कोणी म्हणेल, गवंड्याला वापरातले दार दिसत नाही? दिसले. मला वाटले, मठानेही शेवटी दाराकडून मोजले, भांडण मिटले आणि आमचा गाव जिंकला. छाती फुगवून कामाला लागलो. मठात तो वार्षिक मौनाचा आठवडा होता, त्यामुळे मला हटकायला कोणी आले नाही. आठव्या दिवशी त्यांची तोंडे उघडली, तोवर गिलावाही वाळला होता.

ओल थांबेना, तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. पण गावातले लोक पाठ थोपटत होते, आणि मठाधिपती म्हणत होते की हा गावाने केलेला अपमान आहे, दार उघडा म्हणून आम्ही विनवण्या करणार नाही. चिठ्ठी अर्धवट लिहिली म्हणून दोष दादावर आला. त्याचा कारभार काढून त्याला भाजीच्या मळ्यात पाठवले. मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते, आणि ती मी इथे सहीनिशी मान्य करतो.

दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. मठातून चर्चमध्ये यायचे तर अंगणाला वळसा घालून, चौदा पायऱ्या चढून यावे लागते. त्याचे गुडघे गेले आहेत. दोन महिने तो प्रार्थनेला आलेला नाही.

म्हणून मी लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर मुलीने ती कमान उघडावी आणि ही कबुली चर्चमध्ये मोठ्याने वाचावी. मुलीने मसुदा वाचला आणि हात कमरेवर ठेवले.

"बाबा, काका तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे आहेत ना?"

"हो."

"मग तुम्ही आधी जाणार, हे कोणी ठरवलं? का त्यांनाही तसं कळवलंय?"

मी मसुदा परत मागून घेतला. सबब कलम ४ मधील आज्ञा रद्द समजावी. रविवारी मिस्सानंतर मी सगळ्यांसमोर कबुली दिली. फादर आणि मठाधिपती दोघांनाही हसू आवरेना, आणि परवानगी तिथेच मिळाली. सोमवारी मुलीने आणि मी विटा काढल्या. खरे तर तिने काढल्या, मी सूचना दिल्या.

कलम ५. दादाने अपरिग्रहाचे व्रत घेतले आहे, त्यामुळे त्याला मी काहीच देऊ शकत नाही. ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येते, असे वकील म्हणाले. म्हणून त्यालाच बोलावले आहे. तो कमानीतून आला.

ठिकाण : चर्च, दाराकडून तिसरी म्हणजेच वेदीकडून सहावी कमान.
दिनांक : मार्चचा दुसरा मंगळवार.

लिहून देणार : (सही) गवंडी

साक्षीदार १ : (सही) शेजारचा पाववाला. मजकूर माझ्यासमोर वाचला. मला उशीर होत आहे.

साक्षीदार २ : मजकूर खरा आहे, एक गोष्ट सोडून. मौन असले तरी उठून गवंड्याचा हात धरायला मनाई नव्हती. आवाज चुकीच्या कमानीतून येतोय, हे मला पहिल्याच सकाळी कळले होते. मी उठलोसुद्धा होतो. पण तू काम करताना शीळ घालत होतास. मी घर सोडले त्या दिवसापासून तुझी शीळ ऐकली नव्हती. मी परत खाली बसलो आणि आठवडाभर ऐकत राहिलो.

(सही) थोरला भाऊ