मासळीची पेटी आणि जिल्ह्याचा आराखडा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण परवा जिल्ह्याच्या नावीन्य आराखड्याची बैठक झाल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या वर्गात मी एकटीच मुलगी. शेवटच्या वर्षी प्रकल्प म्हणून मी मासिकातल्या एका मोठ्या शीतगृहाचा नकाशा हुबेहूब उतरवून आणला होता. तुम्ही तो पाहिला, घडी घालून परत दिलात. "सुंदर आहे. पण कोणासाठी? आपल्याकडे काय नासतं आणि कोणाला काय येतं, ते आधी बघून ये." मला राग आला होता. बोनकोडे गावात जन्म गेला, तिथे नवीन काय बघायचं?

मग तुम्हीच आम्हा चौघांना बसने जासईला नेलंत. तिथल्या कंटेनर यार्डात थंड कंटेनर दुरुस्त करणारे मेकॅनिक तुम्ही तासभर न्याहाळलेत, आणि त्यांनी टाकून दिलेल्या जाड पत्र्यांतून माझ्या आत्यासाठी मासळी गार ठेवायची पेटी केलीत. आत्या कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकायची. अजून दिसतं मला. आत्या पेटीभोवती फिरते, आत हात घालते आणि म्हणते, "मास्तर, भोक वर कशाला? बर्फाचं पानी साचलं का मासली नासली. खाली पायजे, आनी उतार पायजे." तुम्ही खिशातून पेन्सिल काढता आणि आम्हा सगळ्यांसमोर तिला विचारता, "किती उतार?" ती तळहात जरासा कलता धरते. तुम्ही तो कोन वहीत उतरवून घेता. शिकलेला माणूस इतक्या सहज विद्यार्थी होताना मी पहिल्यांदाच पाहिला.

आता मी आराखड्याच्या तांत्रिक समितीवर आहे. सल्लागारांनी दुसऱ्या कुठल्या तरी शहराचा ड्रोन केंद्राचा प्रस्ताव उचलून आणला होता, उलव्यात काचेची इमारत. मी म्हटलं, "इथे ड्रोन बनवतं कोण? जासईला कंटेनर दुरुस्त करणारे एवढे कारागीर आहेत, त्यांना कोणी विचारलंय?" समितीचे मोठे साहेब हसले. "मॅडम, रिपेअरिंगला इनोव्हेशन म्हणत नाहीत." पुढच्या बैठकीला मी यार्डातला एक मेकॅनिक आणि बाजारात मासळी विकणाऱ्या दोन मावश्या घेऊन गेले. परदेशातून सुटा भाग यायला आठवडे लागतात तेव्हा तो आपण लेथवर कसा बनवतो, ते मेकॅनिकने चित्र काढून दाखवलं. मावश्यांनी सांगितलं, दुपारी बर्फ संपला की माल पडेल त्या भावाला जातो. साहेब हळूहळू प्रश्न विचारू लागले. शेवटी ड्रोन केंद्र मागे पडलं आणि जासईला सुटे भाग बनवायची, छोट्या शीतपेट्या तपासायची कार्यशाळा ठरली. मागितलेल्यापैकी निम्मीच जागा मिळाली, पण मिळाली.

निघताना साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही दृष्टी कुठून आली, मॅडम?"

"अनुभवातून," मी म्हणाले.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, सर. पण कौतुक ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून ते उच्चारलं नाही.