जिथे पर्यटक येत नाहीत

३ जून, सकाळी ६.१५

फ्रे, उत्तर थायलंड. येऊन पाच दिवस झाले. आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. कुणी वाचणार नाही, म्हणून सगळं खरं लिहायचं.

शहरात एक नदी आहे, योम नावाची. जुनी देवळं, सागवानी घरं, एक मोठा बाजार. पर्यटक जवळजवळ नाहीतच. याच एका कारणासाठी जगाच्या नकाशावरून हे शहर शोधून काढलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्याचा हा फायदा. लोणावळ्यात अठ्ठावन्न वर्षं काढली. त्यातली शेवटची वीस माझ्या फाटकासमोर लावलेल्या परक्या गाड्या हलवायला लावण्यात गेली. 'अंकल, भुशी डॅम किधर?' आता बास.

संकल्प : १. रोज दहा थाई शब्द. २. रोज पाच किलोमीटर चालणे. ३. पुस्तक लिहिणे. विषय ठरायचाय. ४. गणपतीच्या आत पद्मजाला इथे आणणे.

चौथा सगळ्यात सोपा. निघताना ती म्हणाली होती, तुम्ही व्हा पुढे, मी बघते. बघते म्हणजे येते. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोचं एवढं तरी कळतं.

६ जून

घर मिळालं. मालकीणबाईंचं नाव पा नोई. पा म्हणजे मावशी. सत्तरीच्या असतील, शेजारच्याच घरात राहतात. माझं घर दोन मजली, खाली सिमेंट, वर सागवान. त्यांनी वरचा मजला देऊ केला, त्याच भाड्यात. मी खालचा घेतला. पद्मजाचे गुडघे दुखतात, तिला रोज जिना कसा जमणार? मोबाइलच्या भाषांतराच्या अ‍ॅपमधून त्या तीनदा म्हणाल्या, वर चांगलं. वरचे मजले इथे खपत नसावेत.

एकच खटकतं. खालच्या सगळ्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी पट्टा आहे. त्याच्या खाली मळकट, वर पांढरं. इथली फॅशन असेल. पद्मजा हे एक दिवस खपवून घेणार नाही. रंग आणायचा.

११ जून

भिंती रंगवल्या. स्वतः, दोन हात मारले. पट्टा साफ गेला. पा नोई दारात उभ्या राहून बघत होत्या. आधी हसल्या, मग काहीतरी बोलल्या आणि हात छातीशी आडवा धरला. इकडे नमस्काराचा हाही एक प्रकार दिसतो. मीही तसाच हात धरून हसलो. त्या डोक्याला हात लावून गेल्या.

थाई शब्द : चार. रंगकामाचा दिवस होता.

१९ जून

पद्मजाशी व्हिडिओ कॉल. मागे गोंगाट फार. मुलं ओरडत होती, कुणीतरी 'आंटी, गरम पानी' असं म्हणालं. विचारलं तर म्हणाली, चार माणसं आलीत. ओवीच्या मैत्रिणी असणार. ओवी म्हणजे आमची लेक, तळेगावला कंपनीत एचआरमध्ये आहे, तिचा गोतावळा दांडगा. आईला एकटं वाटू नये म्हणून पाठवत असेल. गुणी पोर.

पद्मजाने चार नव्या गाद्या भरून घेतल्या म्हणे. निघायची तयारी! मी सांगितलं, गाद्या इथे मिळतात, एवढं ओझं आणू नकोस. तिने फोनच ठेवला. नेटवर्क गेलं असावं.

२ जुलै

खाण्याचं जमून गेलंय. इथे प्रत्येक भाजीत फिश सॉस असतो. मी जन्माचा शाकाहारी. विचारांती ठरवलं की फिश सॉस हा मासा नव्हे, मसाला. प्रश्न मिटला.

इथली शेतकऱ्यांची निळीत रंगवलेली बंडी विकत घेतली. स्थानिकांत मिसळायचं तर पोशाखापासून सुरुवात हवी. घामाने रंग सुटला. मान, दंड, पोट निळं. बाजारातल्या भाजीवाल्या बायका मला बघून फार आनंदी झाल्या.

चालणे : बाजारापर्यंत. पुस्तक : विषय ठरायचाय. थाई शब्द : दोन. एक कालचाच.

९ जुलै

एक निरीक्षण. सव्वा महिना झाला, मला कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. आज देवळाशेजारच्या चौकात अर्धा तास उभा राहिलो. मुद्दाम नव्हे, सावली होती म्हणून. कुणी पत्तासुद्धा विचारला नाही. शाळेतल्या दोन मुलींनी माझ्याबरोबर सेल्फी काढला आणि हसत पळून गेल्या. शांतता म्हणतात ती हीच. हीच मला हवी होती.

संध्याकाळी पद्मजाला तीन वेळा फोन केला. उचलला नाही. शनिवार नव्हे, रविवार नव्हे, बुधवारी कसली एवढी गडबड?

१४ जुलै

पाऊस सुरू. पाऊस कसला, आमच्याकडच्या नळाची गळती. लोणावळ्यात याला उघडीप म्हणतात आणि लोक कपडे वाळत घालतात. तरी शिस्त म्हणून पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांधली, खिडक्यांना प्लास्टिक लावलं, कौलं तपासली. आख्ख्या गल्लीत अशी तयारी कुणाचीच नाही. हे लोक अगदी निष्काळजी आहेत.

पा नोई मात्र अंगणात लाकडी होडी उलटी घालून तिच्या फटी बुजवत बसल्या होत्या. या वयात असा एखादा छंद हवाच.

२७ जुलै

जानूचा फोन. जानू आंदर मावळातला, रोज मोटारसायकलवर दूध घेऊन येतो आणि आमची बागही बघतो. म्हणाला, "सर, बाई लय खुशीत हायेत. शनवारी आता धा लिटर दूद लागतंय." मी म्हटलं, येण्याच्या कल्पनेनेच खुशीत असणार. तो म्हणाला, कुटं येनार? मी विषय बदलला, त्याला अजून सांगितलेलं दिसत नाही.

मग त्याने इकडच्या पावसाचं विचारलं. ताडपत्रीचं सांगितलं. तो म्हणाला, "नदी किती लांब हाय?" म्हटलं, चारशे पावलं. "मंग आभाळाकडं नका बगू सर. वरल्या अंगाला किती पडला त्ये इचारा. आमची भातखाचरं अशीच जात्यात, हितं ऊन आन् तितं पानी." मी त्याला शांतपणे सांगितलं की मी तीस वर्षं भूगोल शिकवलाय. तो म्हणाला, "व्हय, नववीला मला तुमीच व्हता. म्हनून तर सांगतोय."

माणसाला चार अक्षरं शिकवली की तो आपल्यालाच शिकवायला लागतो.

८ ऑगस्ट

पद्मजाची खोली तयार. पलंग, नवी गादी, मिक्सर, कुकर, कुंडीत कढीपत्ता. कुकरसाठी बसने चार तास जाऊन चार तास परत आलो. गणपतीसाठी चौरंग सुताराकडून करून घेतला. इथे गणपतीला फार मानतात, त्यामुळे सुतार पैसे घेईना. सगळं खाली, तिच्या हाताशी. जिना नको.

फोटो पाठवले. ती म्हणाली, छान केलंय, पण आपला गणपती घरचा आहे, तो घरीच बसेल. बरोबर आहे. म्हणजे या जागेला घरपण आणायला हवं. उद्या पडदे.

१६ ऑगस्ट

जानूला सहज फोन केला. म्हटलं, माझ्या खोलीतली पुस्तकं तेवढी उन्हात घाल. तो म्हणाला, जमनार न्हाई, खोलीत मुंबैची मंडळी हायेत. कोण मंडळी? तर म्हणाला, "बुकिंगवाली. तुमची खोली तर सगळ्यात आदी जाते सर. डोंगर दिसतो न्हवं का! फाटकावर पाटी बी लावलीया, तेजलताईंनी रंगवून दिली." तेजल म्हणजे पलीकडच्या बंगल्यातली.

फोन ठेवला. पाणी प्यायलो. पद्मजाला लावला.

ती म्हणाली, मी सांगितलं होतं की चार माणसं येतात म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. वीस वर्षं तुम्ही फाटकावर त्यांच्या अंगावर ओरडत होतात आणि मी खिडकीतून बघत होते. मला वाटायचं, लेकरंबाळं घेऊन आलीत बिचारी, चहा तरी विचारावा. आता विचारते. मला माणसं आवडतात हो. हे ती अजिबात न चिडता म्हणाली.

माझा अंदाज : तात्पुरतं आहे. प्रवासखर्चाची सोय करत असेल. स्वाभिमानी बाई. पडदे लावून टाकले.

१७ ऑगस्ट

काल लिहिलेलं वाचलं. प्रवासखर्च मी देऊ शकतो हे तिला माहीत आहे. चालणे : शून्य. शब्द : शून्य.

२० ऑगस्ट, दुपार

स्वच्छ ऊन. तीन दिवसांत थेंब नाही. गल्लीत मात्र सण असावा, सगळे आपापलं सामान वरच्या मजल्यावर नेतायत. फ्रीजसुद्धा. गाड्या नेऊन उंच पुलावर ओळीने लावल्यात. अगदी लोणावळ्याच्या रविवारासारखं दृश्य. डोकं उठलं.

पा नोई आपल्या मुलाला घेऊन आल्या आणि थेट पद्मजाची गादी उचलायला लागल्या. मी गादीवर बसलो. त्यांनी अ‍ॅप पुढे केलं. अ‍ॅप म्हणालं, वरच्या डोंगरात पाऊस, उद्या पाणी. मी त्यांना खिडकीशी नेऊन निळं आभाळ दाखवलं. आम्ही लोणावळ्याची माणसं, आम्हाला पाऊस शिकवायचा म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखं. त्यांनी पुन्हा छातीशी हात आडवा धरला. मीही धरला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

जाताना तो मुलगा माझ्याकडे न बघता कुकर उचलून वर ठेवून आला. मी परत खाली आणला.

२१ ऑगस्ट, सकाळी ११

वरच्या मजल्यावरून लिहितोय.

पहाटे पावणेसहाला चूळ भरायला गेलो, तर न्हाणीघराच्या मोरीतून पाणी वर येत होतं. खालून. बाहेर फटफटीत उजाडलेलं, आभाळात ढग नाही. मी आधी मोरीवर पाट ठेवला. मग पाटावर उभा राहिलो. तेवढ्यात दाराखालून आलं. लोणावळ्याला कितीही कोसळलं तरी पाणी उतारावरून चालतं होतं. पाणी मुक्कामाला येतं हे मी मुलांना शिकवायचो, बघितलं कधीच नव्हतं.

पा नोईंच्या मुलाने दंडाला धरून वर ओढलं. नऊ वाजता पाणी कमरेएवढं. पलंग, मिक्सर, चौरंग, पडदे सगळं गेलं. गादी तरंगत दारापर्यंत आली, मग भिजून बसली. कढीपत्त्याची कुंडी दिसत नाही. वाचलं ते : पासपोर्ट, ही वही, माझे चष्मे. ताडपत्री वरून अगदी कोरडी आहे.

नवा रंग पोपडे होऊन पाण्यावर फिरतोय.

२३ ऑगस्ट

दोन दिवस पा नोईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्या होडीतून कुठून कुठून भात आणि अंडी आणतात, आधी मला वाढतात, मग मुलाला. मी अंडी खातो. अंड्याबद्दल काही विचार वगैरे केला नाही. मी काही म्हणालो की त्या हसून पाठीवर थोपटतात. त्यांचं ऐकलं नाही म्हणून एकदाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोबाइलची चार्जिंग जपून वापरतोय. पाण्याकडे बघून बघून डोळे दुखतात. गल्लीत कुणाचं गेलं नाही एवढं सामान माझ्या एकट्याचं गेलं.

मला घरी जायचंय. हे आत्ता लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते नाकारीन. मला पद्मजाच्या हातची आमटी हवी आणि समोर बसून ती काहीतरी सांगत असायला हवी, मी ऐकत नसलो तरी. ऐकीन. यापुढे ऐकीन.

२५ ऑगस्ट, सायंकाळी ५

पाणी ओसरलं. चिखल गुडघाभर. पा नोईंच्या मुलाबरोबर दिवसभर फावड्याने ओढला. तो एकदाही 'सांगितलं होतं' म्हणाला नाही, त्याला ते म्हणण्याइतकी माझी भाषा येत नाही.

पद्मजाला फोन लावला. ओवीने बातम्यांत पूर बघितला होता, तिच्याकडून कळलंच होतं. आधी रडली. मग रागावली, मग पुन्हा रडली. धडधाकट आहात ना, एवढंच चार वेळा विचारलं. ओवी आणि जावई श्रीयश तिकिटाचं बघतायत म्हणाली. मी म्हटलं, परवा गणपती, त्या दिवशी पोचणं होणार नाही, पण शुक्रवारपर्यंत येतो.

ती म्हणाली, या ना, घर तुमचंच आहे. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. शुक्रवारपासून रविवारपर्यंत मागची खोली दिलेली आहे, आगाऊ पैसे घेतलेत, त्यांना आता नाही कसं म्हणायचं? पुढच्या दोन्हीही भरल्यात. देवघरात गणपती. स्वयंपाकघराला लागून कोठीची जागा आहे, तिथे गादी घालते, उबदार आहे. मी म्हटलं, चालेल.

मागे कुणीतरी तिला हाक मारली. तिने हो आले म्हटलं, आणि घाईत, पण अगदी मायेने विचारलं, "किती दिवस राहणार आहात?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न तिने मला पहिल्यांदाच विचारला. मी भिंतीवर परत उमटलेल्या तपकिरी पट्ट्याकडे बघितलं. मग म्हणालो, तीन-चार दिवस.

बरं, ती म्हणाली, तेवढं जमवते.