सगुणाच्या शिऱ्यातलं केळं

प्रिय सगुणा,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. आईनं तुझ्या पानावर केळं वाढलं. मी ते उचलून बाजूला ठेवलं, तर म्हणाली, "मेल्यावर कोनाले काय बाधते?" म्हणून तुला लिहायला बसले.

अकोल्याहून तू आमच्या वलगावच्या मळ्यात सून म्हणून आलीस, तेव्हाच सांगितलं होतंस, केळं खाल्लं की ओठ खाजतात, घसा आवळतो. आम्ही किती हसलो! आई म्हणायची, "तान्ह्या लेकराले केळं कुस्करून चारतो आमी, अन् हिले बाधते म्हन!" केळीचे घड विकून जगणारं घर आपलं. आम्हाला तो अपमानच वाटला.

मला तुझं ढोंग उघडं पाडायचं होतं. तुला पडसं झालं होतं, वास येत नव्हता. नेमका तोच दिवस मी साधला. शिऱ्यात अर्धं केळं कुस्करलं, वर वेलदोडा घातला. "गोड झाला वन्सं," म्हणालीस. आणि दुसऱ्याच घासाला तुझा हात गळ्याशी गेला. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दादानं बैल जुंपले. अमरावतीपर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हा तरी मी का बोलले नाही?

जर्मनीच्या लढाईमुळे औषधं मिळत नव्हती, पण डॉक्टरांकडे एक सुई निघाली. तू वाचलीस.

पुढं तू बरी झाल्यावर त्यांनी तुझ्या हातावर दोन बारीक ओरखडे काढले. एकावर पाणी टाकलं, एकावर केळ्याचा रस. पाण्याचा तसाच राहिला. रसाच्या जागी पांढरी गांधी उठली, भोवती लालभडक. डॉक्टर म्हणाले, "हिला केळं खरंच चालत नाही. पुन्हा पोटात गेलं तर जीव जाईल."

दादा तुझ्यावरच उखडला. "मंग खाल्लं काहून?"

"म्या तं शिराच खाल्ला," तू म्हणालीस. आणि माझ्याकडे पाहिलंस.

तुला कळलं होतं ना गं? मग माझं नाव का घेतलं नाहीस? माझ्या रिकाम्या कपाळाची दया आली? एकदा तरी भांडायचं होतंस! आई गावभर सांगत सुटली, सुनेनं चोरून केळं खाल्लं. हिवतापानं तू गेलीस तोवर ते बोलणं तू ऐकत राहिलीस, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत राहिले.

परवा तुझी यमू रडत घरी आली. पोरी तिला "चोरटीची लेक" म्हणाल्या. आठ वर्षांची आहे. मला विचारत होती, "आत्या, माय खरंच चोरून खाये का?" मी तिचे डोळे पुसले.

सगुणा, उद्या सकाळी दादा मळ्यात जायच्या आधी मी सगळ्यांना बसवून सांगणार आहे. यमूला समोर घेऊन सांगेन. त्यानंतर या घरात मला जागा राहिली नाही तरी चालेल. पण तो शिरा कुणी केला होता, हे तुझ्या लेकीला माझ्याच तोंडून कळेल.

तुझी अपराधी नणंद,
गोदा